पल्ला, टप्पा आणि वार

मराठीत अंतर सांगणारे बरेचसे शब्द माणसाच्या देहातून आलेले आहेत. वीत, हात, पाऊल ही मापे तर उघडच देहाची. विहिरीची खोली सांगणारा 'परस' हा शब्दही हात उंचावून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची सांगतो. 'हाकेच्या अंतरावर' म्हणताना आपण गळ्याची ताकद मोजत असतो, तर 'नजरेच्या टप्प्यात' म्हणताना डोळ्यांची. शस्त्राच्या संदर्भात येणारे 'पल्ला' आणि 'टप्पा' हे दोन शब्द मात्र थोडे निराळे आहेत. बोलण्याच्या ओघात आपण एकाऐवजी दुसरा सहज वापरतो. पण जरा थांबून पाहिले तर दोहोंतला फरक जाणवू लागतो. पल्ला हा साधनाचा गुण आहे. तोफ बुरुजावर उभी असते, समोर शत्रू असो वा नसो, तिला तिचा पल्ला असतोच. टप्प्यात मात्र कोणीतरी यावे लागते आणि तो आला आहे हे ठरवणाराही कोणीतरी असावा लागतो. म्हणूनच आपल्याकडच्या राजकारणात गाजलेले 'टप्प्यात आला की कार्यक्रम' हे वाक्य 'पल्ल्यात आला की' असे करून पाहावे. त्यातली सगळी धार निघून जाते. पल्ला यंत्राचा, टप्पा माणसाचा, असे आम्ही आमच्यापुरते ठरवून टाकले आहे.

शब्दांचा इतका कीस पाडायला निमित्त झाले ते शिकाऱ्यांच्या एका उपकरणाचे. लेझर रेंजफाइंडर हे त्याचे नाव. मुठीत मावेल एवढी ही एकडोळी दुर्बीण असते. ती डोळ्याला लावावी, समोरच्या झाडावर किंवा जनावरावर रोखावी, कळ दाबावी, की आतल्या काचेवर अंतराचा आकडा उमटतो. आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. घर माळकरी. शिकारीशी आमचा संबंध आला तो जिम कॉर्बेट आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्या पुस्तकांतून, म्हणजे शिकार करता करता जंगलावरच जीव जडलेल्या माणसांकडून. असे असताना २०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही एका दुकानात हे उपकरण निवडण्यासाठी तासभर उभे होतो, याचे आम्हालाच नवल वाटते.

आमचा भाचा अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात, मॅडिसन शहराजवळ राहतो. शेजाऱ्याच्या संगतीने त्याला धनुष्यबाणाच्या शिकारीचा नाद लागला. तिकडे हा प्रकार चोरीछुपे चालत नाही. १ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला शिकारीच्या सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पूर्ण केल्याशिवाय परवाना मिळत नाही. हंगाम ठरलेले असतात, शस्त्रागणिक वेगळे असतात. पांढऱ्या शेपटीच्या हरणांसाठी धनुष्याचा हंगाम सप्टेंबरच्या मध्यापासून सुरू होतो, तर बंदुकीचा मुख्य हंगाम नोव्हेंबरच्या अखेरीस, उण्यापुऱ्या नऊ दिवसांचा. हे सगळे भाच्याने आईला फोनवर समजावून सांगितले होते. त्याची आई म्हणजे आमची ताई. गळ्यात तुळशीची माळ, वर्षाची वारी न चुकणारी. तिने सारे ऐकून घेतले आणि आम्ही निघण्याच्या आदल्या रात्री एवढेच सांगितले, "कायदा असेल तिकडचा. पण त्याला म्हणावं, आपल्या घरात हे बसत नाही. तुम्ही दोघं शिकवणारी माणसं, तुमचं ऐकेल."

तर आम्ही गेलो होतो ते त्याला परावृत्त करायला. तो विषय आम्ही काढण्याआधी त्यानेच काढला. आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये त्याने संध्याकाळच्या वेळी एका हरणावर बाण सोडला होता. बाण लागला, पण खाली लागला. हरीण पळाले. तो आणि शेजारी विजेऱ्या घेऊन रात्रभर रक्ताचा माग काढत फिरले. माग एका ओढ्यापाशी संपला. दुसऱ्या दिवशी तो एकटा पुन्हा गेला, तिसऱ्या दिवशीही गेला. हरीण सापडले नाही. नंतर त्याने आपली जागा ते हरणाची जागा हे अंतर पावलांनी मोजले तेव्हा ते एकोणचाळीस यार्ड भरले. "मामा, मला तीसच वाटलं होतं," तो म्हणाला. त्या हंगामात त्याने धनुष्य पुन्हा हाती घेतले नाही, आणि ही गोष्ट आईला सांगितलीही नाही. आता पुन्हा जायचे तर अंदाजावर जायचे नाही, यंत्र घेऊनच जायचे, असे त्याने ठरवले होते.

यार्डाला मराठीत 'वार' म्हणतात, याची आठवण आमच्यापैकी नऊवारी नेसणाऱ्या आजीच्या मांडीवर वाढलेल्या व्यक्तीला झाली. तीस वार म्हणजे तीन नऊवारी लुगडी आणि वर तीन वार. अंतर मोजण्याचा वार आणि शस्त्राचा वार हे एकाच उच्चाराचे दोन शब्द भाच्याच्या कहाणीत असे समोरासमोर उभे राहिले. नऊ वारांची चूक झाली आणि वार चुकला.

ही चूक किती मोठी होती, हे भाच्याने कागदावर मांडून दाखवले. आधुनिक धनुष्यातून बाण साधारण सेकंदाला २८० फूट वेगाने सुटतो. तीस वार कापायला त्याला सेकंदाचा जेमतेम तिसरा हिस्सा लागतो, पण तेवढ्या वेळातही गुरुत्वाकर्षण त्याला दीड फुटाहून अधिक खाली ओढते. म्हणून धनुष्यावर नेम धरण्यासाठी रंगीत खुणा बसवलेल्या असतात: वीस वारांसाठी एक, तीससाठी दुसरी, चाळीससाठी तिसरी. तीसची खूण धरून एकोणचाळीस वारांवर बाण सोडला, तर तो सुमारे आठ इंच खाली लागतो. आठ इंच म्हणजे जवळजवळ एक वीत. आणि हरणाच्या छातीत हृदय व फुप्फुसे मिळून जी जागा होते, जिथे बाण लागला तर जनावर फार वेळ तळमळत नाही, तीही साधारण वीतभरच. तिच्या मध्यावर नेम धरला तर चुकायला मुभा उरते ती अर्ध्या वितेची. नऊ वारांचा अंदाज डोळ्याने चुकणे अगदी सोपे आहे. मोकळ्या रानात जनावर जवळ वाटते, सावलीत दूर वाटते, आणि तिन्हीसांजेला तर डोळ्यावर मुळीच विसंबता येत नाही.

उपकरणाचे तत्त्व शाळेतल्या पुस्तकातल्या प्रतिध्वनीचेच आहे, फक्त हाक प्रकाशाची. यंत्र डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाशाचा ठिपका सोडते, तो समोरच्या वस्तूवर आपटून परत येतो, आणि जाण्यायेण्याला लागलेल्या वेळावरून अंतर काढले जाते. तीस वारांवर जाऊन परतायला प्रकाशाला सुमारे १८३ नॅनोसेकंद लागतात. सेकंदाचे पन्नास लाख भाग केले तर त्यातला एक भागही पुरता भरत नाही. अंतर एका वाराइतके नेमके सांगायचे तर घड्याळाला सहा नॅनोसेकंदांचा फरक ओळखता आला पाहिजे. थिओडोर मेमन यांनी कॅलिफोर्नियात पहिला लेझर १६ मे १९६० रोजी चालवून दाखवला. काही वर्षांतच सैन्यांनी तो अंतर मोजण्यासाठी जुंपला आणि १९९० च्या दशकात हे तंत्र शिकाऱ्यांच्या व गोल्फ खेळणाऱ्यांच्या खिशात आले. 'हाकेच्या अंतरावर' या शब्दप्रयोगाला विज्ञानाने असा नवा अर्थ दिला.

दुकानातल्या काचेच्या कपाटात शंभर-सव्वाशे डॉलरपासून हजाराच्या पुढेपर्यंतची उपकरणे मांडलेली होती. प्रत्येक खोक्यावर ठळक आकडा: ८००, १०००, २०००. हा आकडा म्हणजे यंत्राचा पल्ला. आणि जाहिरातीचा पहिला धडा असा, की तो बहुधा चकाकत्या पाटीसारख्या वस्तूवर घेतलेला असतो. झाडाच्या खोडावर तो बराच उतरतो आणि हरणाच्या केसाळ, प्रकाश विखरून टाकणाऱ्या अंगावर आणखी खाली येतो. शिवाय ठिपका पुढे जाताना पसरतो. दूरवर तो जनावराहून मोठा होतो आणि मग परतलेला प्रकाश हरणाचा की त्याच्या मागच्या टेकाडाचा, हे सांगणे कठीण होते. भाच्याला मात्र हजाराशी कर्तव्यच नव्हते. त्याला दहा ते पन्नास वारांमधले अंतर नेमके हवे होते. एवढे उमगल्यावर खोक्यावरच्या आकड्यांचा मोह सुटला आणि खऱ्या प्रश्नांकडे लक्ष गेले.

पहिला प्रश्न, यंत्र जवळची वस्तू मोजते की लांबची? गोल्फवाल्याला पुढचे निशाण हवे असते, मागची झाडी नको; म्हणून त्याचे यंत्र आधी परतलेला प्रकाश धरते. शिकाऱ्याचे नेमके उलटे. त्याच्यापुढे गवत, काटक्या, पानगळीतून उरलेल्या फांद्या असतात. त्यांच्यावरून आलेला प्रकाश सोडून मागच्या जनावराचा धरणारी सोय त्याला लागते. दुसरा प्रश्न, आकडा कसा दिसतो? काळे आकडे भर उन्हात सुरेख दिसतात, पण हरणे बाहेर पडतात ती पहाटे आणि सांजेला. तेव्हा काळ्या झाडीवरचा काळा आकडा वाचताच येत नाही. लाल उजळ आकडे तिथे उपयोगी पडतात, मात्र त्यांची उजळी कमी करता आली पाहिजे, नाहीतर डोळे दिपतात. तिसरा, कळ दाबताना आवाज होतो का, आणि हातमोजा घालून एका हाताने ते चालते का? चौथा प्रश्न उताराचा. डोंगरावर तीस अंशांच्या कोनात खाली पाहताना चाळीस वारांचे तिरपे अंतर नेमासाठी साडेचौतीसच धरावे लागते, कारण बाणाला खाली ओढणारे बल आडव्या अंतराचा हिशेब ठेवते. हा हिशेब यंत्रच करून देते आणि विक्रेता त्याचे फार कौतुक सांगतो. पण विस्कॉन्सिनच्या सपाट रानात वीस फूट उंच मचाणावरून वीस वारांवरच्या जनावरापर्यंतचे तिरपे अंतर एकवीस वार भरते. एका वारासाठी किती पैसे मोजायचे, हे ज्याने त्याने ठरवावे. भाच्याने मधल्या किमतीचे, लाल आकड्यांचे, मागचा प्रकाश धरणारे यंत्र घेतले.

कपाटातल्या नावांत व्होर्टेक्स ही विस्कॉन्सिनमधलीच कंपनी होती, तशी ऑरेगन राज्यातली लूपोल्डही होती. ते नाव वाचून आम्हाला आठवले ते आल्डो लिओपोल्ड. संबंध अर्थात ध्वनिसाम्यापुरताच. लिओपोल्ड याच मॅडिसनच्या विद्यापीठात १९३३ पासून वन्यजीव व्यवस्थापन शिकवत होते आणि पर्यावरणविचाराचा पाया मानले जाणारे त्यांचे 'अ सँड काउंटी अल्मनॅक' त्यांच्या मृत्यूनंतर १९४९ मध्ये प्रसिद्ध झाले. ते स्वतः शिकारी होते, आपली धनुष्ये स्वतः घडवत. त्यांच्या पत्नी एस्टेला तर राज्यात नावाजलेल्या तिरंदाज होत्या. त्या पुस्तकातल्या एका निबंधात त्यांनी शिकाऱ्याच्या गळ्यात आणि पट्ट्यात लोंबणाऱ्या विकतच्या उपकरणांची थट्टा केली आहे. पण ते आपली सुटका करून घेत नाहीत. अशी उपकरणे आपणही वापरतो हे मान्य करून ते विचारतात की याला मर्यादा कुठे? त्याच निबंधात त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली आहे: शिकाऱ्याला प्रेक्षक नसतात. खेळाडूला टाळ्या किंवा हुर्यो मिळते. रानातल्या माणसाच्या कृत्याला साक्षी असते ती त्याची त्यालाच.

लिओपोल्ड यांच्या प्रश्नाला आजच्या रानात दोन उत्तरे मिळतात. काही शिकारी या यंत्राला बंदुकीची दुर्बीण आणि गोळीच्या मार्गाचे गणित करणारा संगणक जोडून हजार वारांवरचे जनावर टिपण्याची ईर्षा धरतात. तिथे हरणाला वास येत नाही, चाहूल लागत नाही. त्याच्या ज्ञानेंद्रियांना काही कामच उरत नाही. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ मध्ये स्थापन केलेला बून अँड क्रॉकेट क्लब शिकारीतल्या रास्तपणाचा आग्रह धरतो आणि त्याने अशा दूरच्या माऱ्यावर आक्षेप नोंदवला आहे. काही राज्यांत धनुष्यालाच जोडलेली इलेक्ट्रॉनिक उपकरणे शिकारीत चालत नाहीत. ही मंडळी यंत्राने पल्ला वाढवतात. भाचा त्याच यंत्राने टप्पा आखत होता. त्याने अंगणात महिनाभर सराव करून पाहिले होते की तीस वारांपर्यंत त्याचे सगळे बाण वितेच्या आत बसतात आणि त्यापुढे विखुरतात. "तीसच्या पुढे मी नाही," हे त्याने यंत्र घेण्याआधीच ठरवले होते. यंत्राचे काम एवढेच, की तीस कुठे संपतात ते खोटे न बोलता सांगायचे.

ते काम कसे चालते हे आम्ही पाहिले. एका शेतकऱ्याच्या परवानगीने त्याच्या रानाच्या कडेला कापडी लपण उभारलेले होते. दुपारीच तिथे बसून भाच्याने भोवतालच्या खुणांची अंतरे घेतली: ओकचे खोड एकवीस, कापलेल्या झाडाचा बुंधा तीस, कुंपणाचा खांब त्रेचाळीस. हरीण आल्यावर यंत्र डोळ्याला लावायला वेळ मिळेलच असे नाही. म्हणून आधी रान पाठ करायचे. मग तास-दीड तास नुसते बसणे. आम्हाला वाटले होते, या वेळात माणूस हत्येचा विचार करत असेल. प्रत्यक्षात त्याची नजर एका बुंध्यावर खिळली होती. तो सीमेवर बसला होता.

सूर्य कलला तेव्हा एक नर आला. शिंगे मोठी, चाल सावध. भाच्याने यंत्र लावले, पहिला आकडा एकोणीस आला. ती मधली एक फांदी होती. त्याने पुन्हा रोखले. चौतीस. हरीण आडवे उभे होते, पूर्ण छाती समोर. आमच्यासारख्या अडाण्यांनाही कळत होते की याहून चांगली संधी येत नाही. चौतीस आणि तीस यांच्यात केवळ चार वार होते. आणि त्या चार वारांना साक्षी होती ती फक्त आमची, म्हणजे या विषयात ज्यांचे मत धरू नये अशा दोघांची. भाच्याने धनुष्य उचललेच नाही. हरीण बुंध्याच्या दिशेने दोन पावले आले, थबकले, वारा हुंगला आणि वळून झाडीत गेले. परतताना तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामी, आकडा दिसला नसता ना, तर मी त्याला तीसच म्हटलं असतं." मोहाच्या क्षणी डोळा आपल्याला हवे तेच अंतर सांगतो. आकड्याला मोह नसतो, एवढाच त्याचा मोठेपणा.

तो मोठेपणा वाढवूनही सांगू नये. बाण तीस वार कापेपर्यंत धनुष्याच्या दोरीचा आवाज हरणापर्यंत कितीतरी आधी पोचलेला असतो. दचकून ते पाव सेकंदात खाली दबते. जनावर आता कुठे आहे ते यंत्र सांगते, बाण पोचेल तेव्हा कुठे असेल ते नाही. आणि समोर कोण आहे, हे तर ते मुळीच सांगत नाही. आपल्या महाकाव्यांना ही दुसरी उणीव चांगली ठाऊक होती. दशरथाचे अंतर चुकले नव्हते. शब्दवेधी बाण नेमका गेला. चुकली ती ओळख, घड्यात पाणी भरण्याचा आवाज त्याने हत्तीचा मानला. पांडूने मृग मारला तो मृगरूपातला ऋषी निघाला. जरा नावाच्या व्याधाने झाडाखाली पहुडलेल्या कृष्णाला हरीण समजून बाण मारला. रामाचा वनवास, पांडवांचा जन्म आणि कृष्णाचा अंत, या तिन्हींच्या मागे अचूक नेमाचे शिकारी उभे आहेत. वाल्मीकींच्या मुखातून पहिला श्लोक निघाला तोही क्रौंचावर बसलेल्या अचूक बाणामुळेच. अचूकपणाविषयी आपले कवी पहिल्यापासून साशंक होते असे म्हणायला हरकत नाही.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा प्रश्न निकालात काढला. हे यंत्र मात्र आपल्या रानातही आहे, निराळ्या हातांत. दर चार वर्षांनी होणाऱ्या व्याघ्रगणनेत वाघाच्या भक्ष्याचाही अंदाज घेतला जातो. वनरक्षक ठरलेल्या सरळ वाटेने चालतात; चितळ किंवा सांबर दिसले की रेंजफाइंडरने अंतर आणि होकायंत्राने कोन टिपतात. त्यावरून ते जनावर वाटेपासून किती दूर होते ते निघते आणि अशा अनेक नोंदींवरून रानातली घनता काढतात. तिथेही डोळ्याच्या अंदाजाने घात होतो; पण तिथल्या चुकीने आकडेमोड बिघडते, कोणी रक्त सांडत ओढ्याकडे जात नाही. एकच यंत्र, एकच ठिपका हरणाच्या अंगावर. फरक पुढे काय करायचे एवढाच.

असो. आम्ही शिकारीचे समर्थक होऊन परतलो नाही. ताईचा निरोप मात्र आम्ही त्याला दिला, आणि त्यानेही तो शांतपणे ऐकला. त्या डिसेंबरात त्याने आम्हाला कळवले, की चोवीस वारांवर एक मादी मिळाली आणि साठएक पावलांत ती पडली. आईला मीच सांगेन, असेही लिहिले. पुढच्या उन्हाळ्यात तो घरी आला तेव्हा त्याने सांगितले. आदल्या वर्षीच्या हरवलेल्या हरणासकट सगळे. ताई तांदूळ निवडत होती. तिने आधी दुसऱ्याविषयी विचारले, "लगेच गेलं ना रे?" तो हो म्हणाला. मग तिने पहिल्याविषयी तेच विचारले. त्यावर तो काहीच बोलला नाही, आणि ताईनेही पुन्हा विचारले नाही.